तलावकाठी जमीन घेताना पाण्याची वाट बघा

चार पैसे हाती आले की ते जमिनीत घालावेत, हा भिवंडीच्या कापडबाजारातला जुना रिवाज. उधारी बुडते, लूम भंगारात जातो, मालाचा भाव कोसळतो. जमीन मात्र कुठे जात नाही, असे आमचे वालिद नेहमी म्हणत. त्यांच्या तजुर्ब्याबद्दल आम्हांला आदरच आहे. पण जमीनही जाते. आमची गेली. तीन-चार पावसाळ्यांत, आमच्या डोळ्यांदेखत, ती धरणाच्या पाण्यात उतरत होती आणि आम्ही मूर्खासारखे तिच्या पायाशी भिंत बांधत होतो.

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यापारी बांधवांनी शहापूर, मुरबाड, इगतपुरी, मावळ, मुळशी अशा भागांत पाण्यालगत जमिनी घेतल्या आहेत. कुणाला सुट्टीसाठी घर हवे, कुणाला फळझाडे लावायची आहेत, कुणी नुसतीच गुंतवणूक म्हणून घेतो. दलाल हिवाळ्यात नेतो. निळे पाणी, हिरवा डोंगर, गार वारा. उतार किती, त्यावरून जुलैत किती पाणी धावते, हे कोणी दाखवत नाही आणि आपणही विचारत नाही. कापडाचे ठाण घेताना आपण शेवटचा वारही उलगडून बघतो. जमीन घेताना मात्र वरचाच पदर बघून बयाणा देतो.

आमची जमीन शहापूर तालुक्यात, भातसा धरणाच्या फुगवट्यालगत आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत भातसा सर्वांत मोठा. आम्ही दोघा भावांनी २०१७ साली जुने लूम मोडून आलेल्या पैशांत तिथे तीस गुंठे घेतले. वरच्या रस्त्यापासून खालच्या हद्दीपर्यंत लांबी सुमारे २०० फूट आणि उतार ३५ फुटांचा. त्यातही वरचे १४० फूट सौम्य आहेत. खालच्या ६० फुटांतच जमीन १८ फूट उतरते. वर हातभर तांबूस माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. हद्दीच्या खाली धरणाची पूर्ण संचय पातळी येते. तिच्या आतली जमीन सरकारी असते, तिथे आपला दगडही ठेवता येत नाही. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही जेसीबी लावला. करवंदीच्या जाळ्या, निर्गुडी, वाळलेले गवत, सगळे साफ केले. घरासाठी आणि राखणदाराच्या खोलीसाठी दोन सपाट जागा काढल्या आणि निघालेली माती उतारावर खाली ढकलून दिली. ठेकेदार म्हणाला, "पावसात बसेल." पावसात ती बसली नाही, निघाली. जूनमध्ये बोटभर रुंदीच्या रेघा पडल्या, जुलैत त्या हातभर झाल्या आणि गणपतीच्या सुमारास गुडघाभर खोल तीन घळी तयार झाल्या. आमच्या काठाशी तलावाचे पाणी लाल झाले होते. ते पाणी मुंबईचे लोक पितात, ही गोष्ट तेव्हा आमच्या डोक्यातही आली नाही. आम्हांला फक्त आपले गुंठे दिसत होते.

हे का होते ते आता समजले आहे, तेव्हा समजले नव्हते. पावसाचा मोठा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपास असतो. उघड्या मातीवर तो हातोडीसारखा बसतो, कण सुटे करतो, बारीक कणांनी मातीची भोके बुजवतो. मग पाणी मुरायचे थांबते आणि वरून धावू लागते. धावणारे पाणी जिथे एकत्र येते तिथे रेघ पडते, आणि एकदा रेघ पडली की पुढचे सारे पाणी त्याच रेघेत जाते. गवत असते तेव्हा थेंबाचा मार पाते खाते. आम्ही ते पातेच काढून टाकले होते. उसवलेल्या शिवणीवर दाब देत राहिले तर काय होते, हे कापडाच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

आता घळींवर इलाज म्हणून आम्ही काय केले? २०१९ च्या उन्हाळ्यात खालच्या हद्दीवर ९० फूट लांब आणि ६ फूट उंच दगडी भिंत बांधली, सिमेंटमध्ये. खर्च तीन लाख चाळीस हजार. भिंत देखणी होती. येणारा-जाणारा तारीफ करी. तिच्यात एक दोष होता. पाणी बाहेर पडायला एकही भोक ठेवलेले नव्हते आणि भिंतीमागे खडी न भरता तीच ढकललेली माती भरली होती. भोके ठेवायला हवीत का, असे आम्ही विचारले होते. "त्यातून माती जाईल, शेठ," असे उत्तर मिळाले, आणि आम्हांला ते पटले! दोष ठेकेदाराचा जितका, तितकाच आमचा.

२०२० साल लॉकडाऊनमध्ये गेले. बाजार बंद, कारागीर गावी गेलेले, जमिनीकडे बघायला कोणाला सवड होती? २०२१ च्या जुलैत कोकणात आणि ठाणे जिल्ह्यात जो पाऊस झाला तो वाचकांना आठवत असेल. कसाऱ्याजवळ रेल्वेमार्गच पाण्याखाली गेला होता. त्याच आठवड्यात राखणदाराचा फोन आला. भिंतीला पोट आले आहे आणि त्याच्या खोलीच्या अंगणात चीर पडली आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा भिंत मधोमध चाळीस फूट आडवी झाली होती. अंगणातली चीर खोलीच्या भिंतीपासून दोन हातांवर होती, तीत अख्खा पंजा जात होता. आत राखणदार, त्याची बायको आणि तीन मुले रात्रभर झोपली होती. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणची आठवण त्या क्षणी आल्याशिवाय राहिली नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. आमचा उतार त्या मानाने काहीच नाही, पण एका खोलीवर यायला पंचवीस-तीस ब्रास मातीही पुरते. त्याच दुपारी त्या कुटुंबाला गावात भाड्याच्या खोलीत हलवले. पैशाचे नुकसान आम्ही पुष्कळ सोसले आहे. त्या चिरेत हात घालून बघितल्याची शरम वेगळी होती.

भिंत का पडली? एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते. भिजून तट्ट झालेल्या मातीचे त्याच्या जवळजवळ दुप्पट. माती कोरडी असताना ती स्वतःच स्वतःला बरीचशी धरून राहते, भिंतीवर थोडाच भार येतो. पाणी भरले की मातीची पकड सुटते, आणि वर पाण्याचा स्वतःचा दाब येतो. ज्या भिंतीला पाणी सोडायला वाट नाही ती भिंत नसून बिनसांडव्याचे धरण होते. दुसरेही एक कारण होते. भादव्यात तलाव भरतो तेव्हा लाटा भिंतीच्या पायाला लागत, पायाखालची माती थोडी थोडी जाई. आणि हिवाळ्यापासून पाणी उतरू लागले की भिजलेल्या काठाला बाहेरून असलेला पाण्याचा टेका जातो. काठ पाणी चढताना ढासळतो असे आम्हांला वाटायचे; पुष्कळदा तो पाणी उतरताना ढासळतो.

धाकट्या भावाने स्पष्ट सांगितले, "भाईजान, बुडाले ते बुडाले. विकून मोकळे व्हा." दलालाला बोलावले. त्याने पडलेली भिंत बघितली, चीर बघितली आणि घेतल्या किमतीच्या निम्मी किंमत सांगितली. मग विकण्याचा प्रश्न मिटला.

दुरुस्तीसाठी पुन्हा भिंतीचाच हिशोब आम्ही करत बसलो होतो. गावातले एक वयस्क शेतकरी, ज्यांनी जन्मभर भाताच्या खाचरांचे बांध घातले, ते बाजूला उभे होते. ते म्हणाले, "शेठ, पाणी वरून येतंय आणि तुम्ही भिंत खाली बांधलीय." एवढेच. पाणलोटाची कामे करणारी मंडळी "माथा ते पायथा" म्हणतात ते हेच. आम्ही हे शब्द वर्तमानपत्रात वाचले होते, पण ते दुष्काळी गावांसाठी असतात असे समजत होतो. काकांना आम्ही पहिल्या दिवसापासून का विचारले नाही, याचे उत्तर आमच्याजवळ नाही. बहुधा त्यांनी बिल दिले नसते, म्हणून.

त्या पावसात काकांबरोबर छत्री घेऊन एक अख्खी दुपार आम्ही नुसते पाणी कुठून येते ते बघत फिरलो. जमीन घेण्याआधी प्रत्येकाने हे एकदा करावे. वरच्या रस्त्याची गटारे तुंबलेली होती, त्यामुळे रस्त्याचे सगळे पाणी आमच्या हद्दीत उतरत होते. घराच्या पत्र्याचे पाणी एका कोपऱ्यातून थेट त्या ढकललेल्या मातीवर पडत होते. आमच्या नुकसानीतले निम्मे पाणी आमच्या जमिनीवर पडलेलेच नव्हते!

काम २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये झाले. आधी माथ्यावर, रस्त्याच्या कडेने, आडवी चर खोदली. दीड फूट खोल, दगडाने मढवलेली, एका बाजूला अगदी किंचित उतार दिलेली, म्हणजे पाणी हळू चालत शेजारच्या खडकाळ ओढ्यात जाईल. इथे एक खबरदारी. दुष्काळी डोंगरांवर सलग समतल चर खोदतात त्या पाणी अडवून मुरवण्यासाठी असतात. खाली घर आणि कच्चा काठ असताना उतारात पाणी मुरवणे म्हणजे चिरेला खाऊ घालणे. आपल्याला पाणी वळवून बाहेर न्यायचे असते. पत्र्याला पन्हळ लावून ते पाणीही बंद पाइपातून ओढ्यात सोडले. अंगणातली चीर मातीने ठोकून बुजवली आणि त्यावरून पाणी जाणार नाही असा उंचवटा दिला. राखणदाराची खोली वर, खडक लागला तिथे, नवी बांधली. या सगळ्याला एक लाख दहा हजार लागले, त्यात निम्मे खोलीचे.

मग उताराचा प्रश्न आला आणि इथे आमचा धंदा आमच्या मदतीला आला. तीस वर्षे आम्ही कापड विकतो. माणसाच्या अंगावरचे, खिडकीवरचे, गादीवरचे कापड ठाऊक. मातीच्या अंगावर घालायचे कापड असते हे उशिरा कळले. त्याला भूवस्त्र म्हणतात. ज्यूटचे किंवा काथ्याचे जाड सूत, ताणा आणि बाणा विरळ, मध्ये चौकोनी भोके, त्यांतून गवत वर येते. ज्यूटच्या जाळीचे वजन साधारण चौरस मीटरला ५०० ग्रॅमपासून पुढे, पन्हा चार फूट. आपण बाजारात जीएसएम विचारतो तसाच तिथेही विचारायचा. ज्यूट आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पिते, त्यामुळे ओले झाले की जड होऊन मातीला चिकटते. साल-दोन सालांत ते कुजून मातीतच मिसळते. तेवढ्यात गवताने जागा घेतली पाहिजे. काथ्या अधिक टिकतो, तीन-चार वर्षे सहज, कारण त्याच्या तंतूत लाकडासारखा कठीण अंश जास्त असतो. म्हणून आम्ही वर ज्यूट आणि पाण्याजवळच्या पट्ट्यात ७०० ग्रॅमचा काथ्या वापरला.

त्याआधी स्वस्तात काम करायचे म्हणून सिमेंटच्या रिकाम्या प्लास्टिक गोण्या फाडून पसरल्या होत्या, हेही कबूल करतो. उन्हाने त्यांचा भुगा झाला आणि चिंध्या तलावात गेल्या. पुढचे दोन महिने राखणदाराची मुले त्या वेचत होती.

कापड अंथरायची रीत कौले घालण्यासारखी आहे. माथ्याशी फूटभर चर काढून टोक तिच्यात पुरायचे, ठाण वरून खाली सोडायचे, आडवे नाही. शेजारच्या पट्ट्यांची कड चार-सहा इंच एकमेकांवर घ्यायची, आणि जिथे ठाण संपते तिथे वरच्याचे टोक खालच्याच्या वर ठेवायचे. सळईचे तुकडे इंग्रजी यू अक्षरासारखे वाकवून दर तीन फुटांवर ठोकायचे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कापड मातीला सर्वत्र टेकले पाहिजे. आमच्या माणसांनी पहिल्या दिवशी ते चादरीसारखे ताणून बसवले. दिसायला सुरेख, पण खळग्यांवर तंबू झाला आणि अवकाळी सरीत पाणी खालून पळाले. पुन्हा काढून, जमीन सारखी करून, सैल घातले. अंथरण्याआधी मारवेल गवताचे बी आणि चटकन उगवावी म्हणून थोडी नाचणी फेकली होती.

कापड दोन वर्षांचे. कायमचा इलाज म्हणजे वाळा, ज्याला आपण घरात खस म्हणतो. खसचे अत्तर, खसचे सरबत, उन्हाळ्यात दारावरची खसची टट्टी, हे सगळे आपल्या परिचयाचे. त्याच मुळ्या जमिनीत सरळ खाली जातात, चांगल्या मातीत तीन मीटर आणि त्याहूनही खोल. आडव्या पसरून शेजारच्या पिकाला त्रास देत नाहीत. दक्षिण भारतात शेतकरी बांधावर ते पूर्वीपासून लावत आले आहेत. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी त्याचा प्रसार सुरू केला आणि आज अनेक देशांत रस्त्यांच्या व कालव्यांच्या काठांवर ते लावले जाते. आठवडे-आठवडे पाण्यात उभे राहिले तरी मरत नाही आणि एप्रिलच्या उन्हातही जगते, म्हणजे चढ-उतार करणाऱ्या तलावाच्या काठाला याहून योग्य गवत नाही. जून झालेले पाते शेळीही सहसा खात नाही. रोपे घेताना बी न धरणारी जात आहे ना, एवढे विचारून घ्यावे, म्हणजे ते भलतीकडे पसरत नाही.

गवंड्याच्या पाण्याच्या नळीने समान उंचीच्या खुणा काढून दर तीन फूट उताराला एक, अशा सहा आडव्या ओळी घातल्या. रोपांतले अंतर पाच इंच. लोक इथे कंजुषी करतात, फूट-फूट अंतर ठेवतात, आणि मग मधल्या फटीतून पाणी घळ पाडते. दीडशे फुटांच्या ओळीला ३६० रोपे, सहा ओळींना दोन हजारांच्या वर. पहिला पाऊस लागताच लावली, मेलेली जुलैत पुन्हा भरली. मुरमात मुळी सावकाश जाते, म्हणून दाट कुंपण व्हायला तीन पावसाळे लागले. वरून येणारी माती या ओळीमागे अडते आणि हळूहळू तिथे आपोआप पायरी तयार होते. आमचे एक अत्तरवाले दोस्त बघायला आले आणि विचारू लागले, "मुळ्या केव्हा काढणार, किती तोळे निघेल?" त्यांना चहा देऊन रवाना केले. मुळी काढली की काठ गेला.

पडलेल्या भिंतीचे दगड वाया गेले नाहीत. सुमारे आठ ब्रास डबर निघाला. तो आमच्याच हद्दीत, पूर्ण संचय पातळीच्या वर, काठ तासून सौम्य केल्यावर बिनसिमेंटचा रचला. आधी काथ्याचे कापड, त्यावर खडीचा थर, त्यावर लहान-मोठे दगड मिसळून, आणि सर्वांत खालची ओळ फूट-दीड फूट चरीत गाडलेली, नाहीतर लाट खालून पोखरते. असा दगड पाणी सोडतो पण माती सोडत नाही, आणि एखादा हलला तर उचलून परत बसवता येतो. दगडांच्या वरच्या बाजूला निर्गुडीच्या काड्या खोचल्या. जी निर्गुडी जेसीबीने उपटली होती, तीच.

कापड, रोपे आणि मजुरी मिळून या भागाला एक लाख साठ हजार लागले. पडलेल्या भिंतीच्या निम्म्याहून कमी.

मोजमापाची सवय जात नाही, म्हणून उतारावर बारा सळया ठोकून मातीच्या पातळीवर रंगाची खूण केली होती. २०२२ च्या पावसाळ्यात माती सरासरी इंचभर गेली. २०२३ मध्ये पाव इंच. २०२४ मध्ये नऊ सळयांवर काही फरक नव्हता आणि दोन ठिकाणी खूण उलट मातीखाली गेली होती. धाकट्या भावाने आता वर आंब्याची कलमे लावली आहेत आणि विकण्याची गोष्ट काढत नाही.

या मालाला बाजार आहे का, असे आमचे व्यापारी मित्र विचारतात. केंद्र सरकारने २०२० मध्ये तांत्रिक वस्त्रांसाठी १४८० कोटींचे राष्ट्रीय मिशन मंजूर केले आणि त्याच वर्षी ग्रामीण रस्त्यांच्या कामात काथ्याच्या भूवस्त्राला परवानगी मिळाली. ज्यूटची जाळी बंगालमधून आणि काथ्याची केरळ-तामिळनाडूतून येते. आपल्या साध्या लूमवर हे जाड सूत चालणार नाही, तेव्हा विणण्याचा मोह नको. पण माल आणून, अंथरणारी चार माणसे तयार करून फार्महाऊसवाल्यांना काम करून देणारा भिवंडीत आम्हांला कोणी भेटला नाही. आम्हांला स्वतःला ठाणी पुण्याहून आणावी लागली.

बारावी सळी उत्तरेच्या कोपऱ्यात आहे आणि तिथे अजून माती जाते. गावची गुरे त्या कोपऱ्यातून पाण्यावर उतरतात. आम्ही काटे लावून वाट बंद केली, तेव्हा काकांनी शांतपणे सांगितले की ती वाट आमच्या सातबाऱ्यापेक्षा जुनी आहे. काटे काढले. सरळ उतरणारी वाट म्हणजे पाण्याला आयती घळ, म्हणून येत्या मे महिन्यात ती नागमोडी करून, वळणावर दगडी पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला आडवे पाणी काढायची नाली करायची, असे ठरले आहे. पायऱ्या किती रुंद असल्या म्हणजे म्हैस उतरते, हे काकाच सांगणार आहेत.